पलतडीचा कुकारो

केळंब्याच्या तंबूवस्तीत नवा पाहुणा उतरला की पहिला तास-दीड तास तो कान चोळत हिंडतो. कुणी करंगळी घालून बघतं, कुणी मुद्दाम जांभई देऊन बघतं. एका बँकेच्या मॅनेजरबाईंनी तर सरळ विचारलं होतं, "अहो, इथल्या हवेचा दाब कमी आहे का?" दाबबिब काही नाही हो. बाईंच्या कानांना जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती, एवढंच. आणि सुट्टीची सवय नसलेला माणूस पहिल्या दिवशी घरातच येरझाऱ्या घालतो, तसं त्या कानांचं झालं होतं.

वस्ती तशी साधी. काळवी नदीच्या काठाला, जांभळा-किंजळाच्या सावलीत ठोकलेले दहा-पंधरा तंबू, मधे सामायिक चूल, आणि वरच्या अंगाला गवसांचं कौलारू घर. नदीत मानभर पाणी, पलीकडे माडांची रांग. दोडामार्गाच्या बाजूला असं पूर्वी खूप होतं, आणि तेव्हा तिथली शांतता फुकट होती. मग घाटाचा रस्ता रुंद झाला. डंपर सुरू झाले ते थांबेचनात. त्यांच्या वरताण म्हणून सामान पोचवणारे ड्रोन गोव्याकडून रांगेनं यायला लागले, आणि अख्खं खोरं पिठाच्या गिरणीशेजारच्या खोलीसारखं दिवसभर घरघरू लागलं. अशा ठिकाणी ऋजुता गवस शांतता विकत होती, आणि लोक महिना-महिना आधी नंबर लावून ती घ्यायला येत होते.

ऋजुता इथलीच. सूर्यकांत गवसांची एकुलती एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेलेली. पुण्यात ध्वनिशास्त्र शिकली, कारखान्यांतली यंत्रं गप्प करायची कामं केली, आणि पस्तिशीच्या आत नोकरी सोडून बापाच्या नदीकाठच्या जमिनीवर येऊन बसली. सोबत कॉलेजातली मैत्रीण शलाका कर्णिक, ठाण्याची. यंत्र ऋजुताचं, पाहुणे शलाकाचे आणि चूल अण्णांची, म्हणजे ऋजुताच्या वडिलांची, अशी वाटणी. गावानं आधी नाकं मुरडली. पहिल्याच हंगामात तंबू भरले, तेव्हा तीच नाकं चहा प्यायला यायला लागली.

यंत्राला गाव म्हणायचं 'पडदो'. नाव चपखल होतं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट, तिला चढ असतो आणि उतार असतो. तिच्या चढाशी दुसऱ्या लाटेचा उतार नेमका जुळवून दिला की दोघी एकमेकींना गिळतात आणि कानाशी काहीच पोचत नाही. कानावर लावायच्या यंत्रात ही युक्ती फार जुनी. पण उघड्या रानात आवाज चहूकडून येतो, वारा त्याला ढकलतो, ऊन त्याचा वेग बदलतं. उलटी लाट तयार करायला आवाज येऊन थडकण्याआधी तो ठाऊक असावा लागतो. इथं ऋजुताला एक साधी गोष्ट कामाला आली. आवाज आळशी आहे. एक किलोमीटर यायला तो तीन सेकंद घेतो. रेडिओच्या लहरीला तेवढ्या अंतराला वेळ असा लागतच नाही. मग तिनं खोऱ्याच्या कडेनं, डोंगरधारेवर आणि नदीपलीकडे, झाडाझाडांवर मायक्रोफोन बसवले. गावानं त्यांना 'कान' म्हटलं. डंपर घाटात गुरगुरला की कान ती बातमी त्या क्षणी वस्तीला कळवायचे. खरा आवाज वाट तुडवत येईस्तोवर यंत्राचा हिशेब झालेला असायचा, आणि वस्तीतल्या फांद्यांना लटकवलेली स्पीकरची हजारो पातळ पानं बरोबर वेळेवर उलटी लाट सोडायची.

मात्र सगळंच खोडलं असतं तर माणसं वेडी झाली असती. म्हणून काय ठेवायचं ते यंत्राला शिकवलेलं होतं. पाणी ठेवायचं, पाखरं ठेवायची, किडे, माकडं, वारा ठेवायचा. जवळचं बोलणं ठेवायचं. इंजिन, भोंगा, ड्रोन, स्पीकर आणि माणसांचा आरडाओरडा तेवढा खोडायचा. पिकनिकवाले पलीकडच्या काठाला येऊन बोंबलायचे, म्हणून नदीच्या अंगाला पानं सगळ्यात दाट होती, कारण उंच पट्टीचा आवाज खोडायला पानं दाट लागतात. पडदा दोन्ही बाजूंनी काम करायचा. पाहुण्यांचा गोंगाटही रानात जायचा नाही, जनावरं बुजायची नाहीत. "आणि कुणी बुडता बुडता ओरडलं तर?" असं शलाकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ऋजुतानं त्याची सोय केलेली होती. भेदरलेल्या माणसाच्या आवाजात एक कंप असतो, तो यंत्राला बरोबर कळतो. जिवाच्या आकांताची हाक पडद्यातून सोडली जायची. ऋजुताला या हुशारीचा रास्त अभिमान होता.

तर असं सगळं छान चाललेलं असताना अण्णांचं बिनसलं.

आधी आमटीत मीठ जास्त पडायला लागलं. मग पाहुण्यांवर डाफरणं सुरू झालं. शिमगा तोंडावर आला तोवर गडी इतका घुमा झाला की सकाळचा चहा देताना कप आपटण्यापलीकडे त्याचा आवाज निघेना. सांज झाली की मात्र हातातलं सोडून नदीवरच्या कातळावर जाऊन बसायचा, काळोख पडेपर्यंत. ऋजुता विचारायची, "अण्णा, बरा नाय काय?" तर उत्तर यायचं, "माका काय धाड भरली?" झालं. पुढे बोलायची सोय नाही.

"त्यांना पाहुणे नको झालेत," शलाका म्हणाली. "सरळ विचार एकदा. पण उद्यानंतर. आज चिटणीस आलेत, आज घरात भांडण नको."

चिटणीस म्हणजे शांतस्थळ मंडळाचे तपासनीस. नदीकाठी तिकाटण्यावर मोजणीयंत्र लावून ते सकाळपासून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आवाज ठरलेल्या रेषेखाली राहिला तर वस्तीला मंडळाचा शिक्का मिळणार होता. तो मिळाला की पुढची पाच वर्षं चिंता नाही. नाही मिळाला तर शहरातली मंडळी पुढच्या हंगामात दुसरीकडे वळणार, कारण हल्ली लोक शिक्का बघून शांत होतात.

नेमका त्याच दुपारी पलतडीचा एक कान बंद पडला. पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. कान होता इंदुआतेच्या परसातल्या फणसावर. माकडांनी उपटला असणार. आजच्या दिवशी धोका नको म्हणून ऋजुता स्वतःच हत्यारांची पिशवी घेऊन वरच्या साकवावरून, नदीवरच्या छोट्या पुलावरून, पलीकडे गेली.

इंदुमती नाईक ही अण्णांची थोरली बहीण, अण्णा तिला 'बाय' म्हणायचे. लग्न होऊन गेली ती नदीच्या पलीकडे, म्हणजे माहेर अंगणातून दिसावं इतकी जवळ. नवरा वारला, मुलगा नितेश पनवेलला स्थायिक झाला, पण ती जागची हलली नाही. फणसावर कान लावायला तिनंच आनंदानं परवानगी दिली होती. "लाव गो. माझ्या झाडार तुझो कान, म्हणजे माझ्या गजाली पुण्या-मुंबयपर्यंत जातले," असं म्हणून खो-खो हसली होती.

आज ती हसली नाही. ओटीवर बोचकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवरचे देव उतरवून एका परातीत ठेवले होते.

"इलंस? तुझो कान बिघाडलो म्हणान इलंस. नायतर कित्याक येतलस!"

"आते, ह्या काय?"

"उद्या सकाळी झील, नितेश, गाडी घेवन येता. पनवेलाक जातंय."

"किती दिवस?"

"दीस कसले गो? कायमची."

ऋजुता ओटीवर मटकन बसलीच. आतेला पनवेलला न्यायला नितेश दहा वर्षं नाक घासत होता आणि आते त्याला दहा वर्षं तंगवत होती. "पण आते, तू तर म्हणायचीस, मेलंय तरी हयसून हलूची नाय."

"तेवा हय माझां कोणतरी होतां."

"अण्णा आसत ना!"

"तो माझो भाव होतो," आते म्हणाली. "आता तो नुसतो तुझो बापूस."

मग जे निघालं ते दाबून दाबून ठेवलेलं होतं. रोज सांजेला आते नदीवर येऊन कुकारो घालायची. हा रिवाज तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा. कुकारो म्हणजे शब्द नाहीत, नाव नाही, नुसती उंच पट्टीतली लांबलचक हाक. थोरल्यानं आधी घालायचा, धाकट्यानं ओ द्यायची. मी आहे, जेवले-खाल्ले, तू आहेस ना, एवढं सगळं त्यात येतं. घराघरात फोन आले तरी कुकारो चालूच राहिला, कारण फोन कामासाठी असतो. कुकाऱ्याला ओ फोनवर देत नाहीत. पत्रिका वाटायच्या जागी कुणी मेसेज पाठवला तर कसं दिसेल, तसं ते दिसतं.

"भाऊबीज झाली आणि तेच्या पाठसून ओ बंद झाली," आते सांगत होती. "पयल्या दिसा म्हटलंय, झोपलो असात. दुसऱ्या दिसा म्हटलंय, घसो बसलो असात. मगे समाजलंय. तंबूत मोठी माणसां येतत आता. तेंच्यासमोर म्हातारी भैण वरडता, तेची लाज वाटता. जत्रेत समोर इलो तर खाज्याची पुडी घेवन मान वळवन गेलो मेलो!"

ऋजुतानं मनातल्या मनात महिने मोजले. भाऊबीजेनंतरच तर पडदा चढवला होता.

आणि ती कशी विसरली होती? जन्मल्यापासून तिनं तो कुकारो ऐकला होता. कदाचित म्हणूनच. घरातल्या घड्याळाची टिकटिक कुणाला आठवते? यंत्राला काय काय शिकवायचं याचा तिनं वर्षभर विचार केला होता. घुबडाच्या तीन जातींचे आवाज वेगळे करून दिले होते. संकटातल्या माणसाची हाक सोडायला शिकवलं होतं. पण कुकारो संकटातल्या माणसाचा नसतोच. तो सुखात असलेल्या माणसाचा. त्यात भीती नाही, कंप नाही, घाई नाही. यंत्रानं इमानेइतबारे त्याला आरडाओरड्यात टाकलं आणि पुसून काढलं.

"आते, अण्णांका ऐकाक येणा नाय गो! माझ्या पडद्यान खाल्ल्यान. देवाशपथ सांगतंय. ते रोज सांजेक कातळार बसतत, तुझी वाट बघीत!"

आतेनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या थय कोकीळ वरडता, ती ऐकाक येता?"

"येता."

"शेकरू?"

"येता, पण..."

"नदीचां पाणी?"

ऋजुतानं होकारार्थी मान हलवली.

"पाखरू ऐकाक येता, जनावर ऐकाक येता, आणि सख्ख्या बहिणीचो आवाज तेवढो ऐकाक येणा नाय? बापाची बाजू घेवक शिकलंस. बरां झालां. म्हातारपणी तेका उपयोगी पडतलस."

आतेचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. ऋजुतानं फोन काढला तर आतेनं हातानंच तो खाली केला. "फोन नको. ओ होई ती गळ्यातली."

उन्हं माडांच्या शेंड्यावर गेली तशी आते उठली. पदर खोचून नदीवर गेली. "शेवटचो घालतंय," म्हणाली. "उद्या कोणी म्हणाक नको, बाय न सांगता गेली." ऋजुता तिच्या मागोमाग गेली.

आतेनं तोंडाला हात लावला आणि कुकारो घातला. सत्तरी ओलांडलेल्या त्या वाळक्या देहातून असा आवाज निघाला की ऋजुता दोन पावलं मागे सरली. तो पाण्यावरून सरकत गेला, डोंगराला लागून परत आला. पलीकडे, नदीच्या त्या अंगाला, कातळावर अण्णा बसलेले होते. तोंड इकडेच. मान किंचित वाकडी, उजवा हात कानामागे. आतेचा आवाज त्यांच्यावर सरळ चालून जात होता आणि अण्णा तसेच बसून होते. थोड्या वेळानं त्यांनी कानामागचा हात काढून मांडीवर ठेवला.

आपलं यंत्र किती चांगलं चालतं हे ऋजुतानं आजवर आतून पाहिलं होतं. बाहेरून पाहायची ही पहिलीच वेळ. तिला रडू कोसळलं.

आतेची नजर अधू, तिला पलीकडचं एवढं बारीक दिसत नव्हतं. "बघलंस?" ती म्हणाली. "नाय देणा. चल, माका देव बांधूचे आसत." आणि पाठ फिरवून घराकडे निघाली.

फणसावरचा कान तसाच लोंबत राहिला. ऋजुता साकवाच्या दिशेनं धावत सुटली.

कातळापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. "अण्णा! आते रोज कुकारो घालता. रोज! आत्ता घातल्यान. माझ्या डोळ्यांदेखत. तुमका ऐकाक येणा नाय, कारण माझो पडदो तो खाता."

अण्णांनी मान वळवून पलतडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी पण घातलंय."

"काय?"

"कुकारो. ती घालीना म्हणान मी घातलंय. धाकट्यान आधी घालूचो नसता, ठाऊक आसा माका. तरी घातलंय. वाटलां, आजारी असात. ओ इली नाय. परत एकदा घातलंय. नाय इली. मगे म्हटलंय, नदीकाठची जमीन तंबूंक दिलंय, तेचो राग धरल्यान. जत्रेत तोंड दाखवक लाज वाटली माका." त्यांचा आवाज चढला. "म्हणजे माझो थय पोचलो नाय आणि तिचो हय? आणि मी हय बसान तुझ्या पावण्यांक आमटी वाढतंय? तुका यंत्र करूचां होतां, कर. पण बापाक एकदा विचारूक काय झालां होतां? आमच्या थय कसले कसले आवाज आसत, एवढां विचारलां असतां तर तुझी पदवी उतारली असती?"

ऋजुतानं मान खाली घातली. "चुकलां माझां, अण्णा. पण आता वेळ नाय. आते उद्या सकाळी पनवेलाक जाता. कायमची. बोचकी बांधल्यान. ती माझां ऐकणा नाय, तिका तुमची ओ होई."

अण्णांचा चेहरा उतरला. पण गवसांचं रक्त ते! "दोनदा तोंड पोळलां," ते म्हणाले. "जाता तर जांव दे. आता मी घालणंय नाय."

ऋजुता तशीच तंबूंमागच्या यंत्राच्या खोलीकडे वळली. दारातच शलाकानं तिला गाठलं, कारण कातळावरचं बोलणं तिनं निम्मंअर्धं ऐकलं होतं.

"यंत्र बंद करून पडदा पाडायचा म्हणतेस? आत्ता? चिटणिसांचं मशीन चालू असताना?"

"आत्ता."

"अगं, मग नुसता आतेंचा आवाज सोड ना! कोकिळेला सोडतेस तसा. सगळा पडदा कशाला?"

"त्यासाठी यंत्राला तिचा आवाज शिकवावा लागेल. ते खोडतं, साठवत नाही. तीस-चाळीस वेळा तिला कुकारो घालायला लावू? ती आता एकदासुद्धा घालणार नाही." ऋजुतानं खोलीचं दार ढकललं. "आणि शलाका, आज आतेला सोडलं, उद्या कुणाला सोडू? पलतडीला आणखी कोण कोण कुणाला हाका मारत असेल, मला काय माहीत? मी कुणालाच विचारलं नाही."

"शिक्का जाईल. मी ठाण्याची नोकरी सोडून आलेय, ऋजू."

"माहितेय. शिक्का गेला तर मी दुसरं काहीतरी उभं करीन, मला तेवढं येतं. आते गेली तर मला दुसरी आते करता येणार नाही. आणि आजपासून रोज सांजेला पडदा खाली. ज्याला चालेल तो येईल."

शलाका संतापानं लाल झाली होती. ती दोन पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी म्हणाली, "मला हे पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. पाहुण्यांना मी सांगते. नदीवर या, आज एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे, असं सांगते. नाहीतर सगळे पैसे परत मागतील." आणि खरंच तंबूतंबूंतून सांगत सुटली. ठाण्याची असली तरी पक्की व्यवहारी बाई.

ऋजुतानं पडदा पाडला.

आवाज एकदम आला नाही. आधी हवा जड झाल्यासारखी वाटली. मग घाटातल्या डंपरचा घुमा सूर जमिनीतून वर चढला. ड्रोनची भुणभुण, कुठल्या तरी वाडीवरचा स्पीकर, दूर कुणाचा तरी भोंगा. कितीतरी महिने दाराबाहेर ताटकळत ठेवलेलं जग कडी निघताच आत घुसलं. एका तंबूतलं लहान मूल रडायला लागलं. पाहुणे नदीवर गोळा झाले, भांबावलेले. चिटणीस मोजणीयंत्रावर वाकून बघत होते.

"गवस मॅडम, आकडा रेषेच्या वर गेलाय. मला नोंद करावी लागेल."

"करा," ऋजुता म्हणाली. "कारण काय लिहायचं ते थोड्या वेळानं तुम्हाला कळेल."

ती कातळावर अण्णांशेजारी उभी राहिली. अण्णा हटून बसले होते, नजर पाण्यावर. पलीकडे आतेच्या ओटीवरचा दिवा लागला होता. थोरली घालणार नाही, धाकटा घालणार नाही, आणि सकाळी गाडी येणार. उरलं कोण?

ऋजुतानं तोंडाला हात लावला आणि कुकारो घातला. शाळेत असताना घातला होता, त्यानंतर कधी नाही. पहिला अर्ध्यात फुटला. दुसरा बरा सुरू झाला आणि शेवटी चिरकला. पाहुण्यांतून कुणीतरी खुदकन हसलं. पलीकडे काही हललं नाही. तिनं छाती भरून घेतली आणि तिसरा घातला. तो सगळ्यांत वाईट निघाला.

"गप रव!" अण्णा ताडकन उठले. "ह्यो कुकारो? रेडकू हंबारता तसो! पावण्यांसमोर घराण्याची लाज काडतस? बाय ऐकीत असात थय, काय म्हणात ती? बापसान चेडवाक एवढांसुद्धा शिकवल्यान नाय?"

"मगे तुमी दाखवा," ऋजुता म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. धोतर आवरलं, कातळाच्या अगदी टोकाला गेले, दोन्ही तळवे तोंडाशी नेले आणि घातला.

रडणारं मूल थांबलं. तो आवाज डंपरच्या घुमण्यावर स्वार होऊन पाणी ओलांडून गेला, डोंगराला भिडला आणि तिथून पुन्हा सगळ्या खोऱ्यात पसरला. मग तो विरला आणि उरलं फक्त डंपरचं गुरगुरणं. अण्णा हात तसेच तोंडाशी धरून उभे होते. चिटणीस मोजणी सोडून पलतडीकडे बघायला लागले होते. ओटीवरचा दिवा जागचा हलला, खाली उतरला, माडांतून नदीकडे येत राहिला आणि पाण्याच्या काठाला येऊन थांबला.

मग ओ आली. लांब, उंच, न चिरकता. संपते असं वाटावं आणि पुन्हा वर चढावी अशी. ती संपायच्या आतच शब्द आले.

"मेल्याऽऽ! शिरा पडो तुझ्या तोंडार! इतके दीस खय होतंस रेऽऽ?"

अण्णा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"हयच होतंय गो, बाय! हयच होतंय!"

पलतडीला दिवा तेवढा हलत राहिला. मग आतेचा आवाज पुन्हा आला, या वेळी रोजच्या बोलण्यातला, भांडल्यासारखा.

"बॅटरी घे आणि साकवावरसून जेवक ये! येताना मीठ घेवन ये, माझां मेलां सगळां बांधून ठेवलंय!"